अक्काचा मोकळा कंस

पाहुणा ओट्यावर टेकला की आमची एरंडोलची अक्का पाण्याच्या तांब्याबरोबर प्रश्नही पुढे करायची, "कितलं शिकेल शे?" पाहुणा फुगून पदवी सांगे. मग अक्का म्हणे, "ते ठीक. येस काय?" म्हणजे, करता काय येतं? माझ्या एम.एस्सी.चे पेढे खाताखाता तिने मलाही तेच विचारलं. मला चहासुद्धा धड येत नव्हता!

अक्का म्हणजे माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण. तान्ह्या अप्पांना सांभाळायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तिची शाळा दुसरीतच सुटली. खापरावरचे मांडे मात्र तिनेच करावेत. कणकेचा गोळा तिच्या हातांवर फिरत फिरत उपरण्याएवढा व्हायचा आणि आम्ही पोरं आ वासून बघत बसायचो.

माझं लग्न धुळ्याच्या प्राध्यापकांच्या घरात ठरलं आणि अप्पांच्या डोक्यात पदव्यांचं भूत शिरलं. आमच्याकडे पत्रिकेत नावापुढे कंसात शिक्षण छापतात. अप्पांनी लांबच्या चुलतभावाचा टायपिंगचा कोर्सदेखील सोडला नाही. अक्काचं नाव तेवढं गाळलं. मला ते दिसलं होतं, तरी मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

कच्ची पत्रिका घरच्या ग्रुपवर पडली. अक्काने मोबाईलवर बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या पिंप्राळ्यातल्या छापखान्यापुढे रिक्षातून उतरली. अप्पा तिथेच होते. मुख्याध्यापक माणूस, पण घाबरले की त्यांची प्रमाण मराठी पार पळून जायची.

"मनं नाव कोठे शे?"

"अक्का, तुना नावपुढे काय लिखू?"

"कंस काढ अन् मोकळा ठेव. लोके भरतीन."

आणि लोकांनी खरंच भरला! कुणी 'मांडेसम्राज्ञी' लिहून फोटो पाठवला, कुणी 'फौजदार'. अक्का प्रत्येक फोटो शेजारणींना दाखवत हिंडली.

हळदीच्या दिवशी पीएच.डी. झालेल्या माझ्या सासऱ्यांनी मांडा करून बघायचा हट्ट धरला. कणीक आधी कोपरापर्यंत लोंबली, मग चष्म्यावर चढली.

"याहीबुवा, कितलं शिकेल शेतस?" अक्काने विचारलं. मांडवभर हशा उसळला. सासरे स्वतःच हसून हसून खाली बसले. त्यांनी खिशातून पत्रिका काढली. "अक्का, तुमच्या कंसात आता काय लिहू, तुम्हीच सांगा."

अप्पांनी त्यांच्या हातातून पेन घेतलं, स्वतःच काहीतरी लिहिलं आणि पत्रिका अक्काला दिली. अक्काने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

"एम.ए., बी.एड. ...इतलं मी कव्हय शिकनू रे?"

अप्पा म्हणाले, "मी शिकनू, तव्हय."