सर्वांनी चाखले

सर ग्रंथालयाच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुमती, पनवेलला जायचंय. आत्ता." मी सवयीने माझी कापडी पिशवी उचलली. भिंग, कात्री, पानं दाबायचे जाड कागद तिच्यात कायम असायचेच. एस्टी ठाण्याच्या पुढे गेल्यावर सरांनी माझ्या मांडीवरच्या त्या पिशवीकडे पाहिलं आणि सांगितलं, "हन्नाबाई गेल्या. सकाळी, झोपेतच." पुढचा सगळा रस्ता मी ते भिंग मुठीत धरून बसले होते...

विद्यापीठातलं आमचं मंडळ म्हणजे जुन्या वैद्यकाचा इतिहास धुंडाळणारी चार डोकी. सर स्वतः डॉक्टर, दांडेकर रसायनशास्त्राचे, मी मोडी वाचणारी, आणि झाडापानांच्या हन्नाताई. त्या मुंबईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या; आई थकली तेव्हा नोकरी सोडून पनवेलच्या घरी परत आल्या. तिथल्याच एका वैद्याची मोडी पोथी आमच्या हाती लागली आणि मंडळाची बैठक त्यांच्या ओटीवर भरू लागली. त्या बेने इस्रायली, कोकणातल्या ज्यू; शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटत नसे, म्हणून आमचा वार रविवार.

नियम हन्नाताईंचा होता. पोथीतलं औषध घरात करून प्रत्येकाने चाखल्याशिवाय आम्ही लिहीत असलेल्या ग्रंथात घ्यायचं नाही. "ज्याची चव ठाऊक नाही त्याचा कसला इतिहास लिहिता?" असं त्या सरांना खुशाल विचारायच्या आणि मुंबईत भल्याभल्यांना गप्प करणारे सर मुकाट्याने वाटी पुढे करायचे. एका काढ्यानंतर दांडेकर इतके हिरवेपिवळे झाले की ताईंनी त्यांना गुळाचा खडा भरवला, अगदी लहान मुलाला भरवावा तसा. मग नोंदीखाली मी लिहायची : सर्वांनी चाखले. ते लिहून झालं की ताई आत जाऊन तोंडाची चव परत आणायला ओव्याच्या पानांची गरमागरम भजी तळायच्या. पानं मागच्या दारी पायरीवर ठेवलेल्या तेलाच्या जुन्या डब्यात लावलेल्या रोपाची.

पोथीतलं एकेक औषध मार्गी लागलं. शेवटचं तेवढं अडलं. जाड, लवदार, कातरल्या कडेचं पान, जिभेला चटका देणारं, पोरांच्या खोकल्यावरचं. नाव मात्र कुणी ऐकलेलंच नाही. बाकीची झाडं डोंगरात सापडली होती, तेव्हा हेही तिथलंच, असं सरांनी ठरवून टाकलं. दर पावसाळा सरला की आम्ही पनवेलजवळच्या नेऱ्याच्या वरच्या रानात हजर. तिथली एक म्हातारी आम्हाला पाहिलं की हसायची. "तुमी दरसाल येता नि आमी दरसाल नाय म्हनतो. पन येत जा बाई. बसा, पानी प्या." ताई सगळ्यांत पुढे चालायच्या, झुडपं बाजूला सारायच्या आणि मान हलवायच्या.

त्यांचे भाऊ अब्राहाम केव्हाच बायकामुलांसकट इस्रायलमध्ये हैफाला गेले होते. तिकडून सारखं बोलावणं यायचं. इथे एकटी काय करतेस, तिकडे सगळे आपलेच आहेत. ताईंनी शब्द दिला होता, हातातलं काम संपलं की येते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. ताईंशिवाय रविवार ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

गेल्या वर्षी त्या पीठ कालवत होत्या, म्हणून भज्यांची पानं खुडायला मी मागे गेले. चाळा म्हणून एक कच्चंच चावलं. जिभेला चटका बसला आणि बैठकीत कितीदा मोठ्याने वाचलेली ती ओळ एकदम कानात वाजली. मी पान हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. "ताई, हे तर..."

"पीठ फार सैल झालंय का गं?" ताई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "अब्राहामशी मी आयुष्यात खोटं बोलले नाही, सुमती. नाही येत, असं तोंडावर सांगायचा धीर होत नाही. माझी आई या मातीत आहे. रविवारी तुम्ही येता... मला नाही जायचं गं." मग डोळ्यांत तीच खट्याळ चमक. "काम संपलं असं तू म्हणतेस. मी कुठे म्हटलंय?"

मी ती पानं पिठात बुडवली. त्या वर्षीही आम्ही नेऱ्याला गेलो, आणि मी ताईंच्या बरोबरीने मान हलवली.

गेल्या रविवारी मंडळ त्यांच्या ओटीवर जमलं. "नेऱ्याला एकदा जाऊन येऊ, त्यांच्यासाठी तरी," सर म्हणाले. मला राहवेना. मी आत जाऊन भजी तळली, ताटलीत एक कच्चं पान ठेवलं आणि पोथीतली ती ओळ वाचली. सरांनी पान चावलं आणि पोथी ओढून घेऊन ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग मी सगळं सांगितलं. दांडेकर भजं हातात धरून रडत होते. सरांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "लिहा. त्यांच्याइतकं हे कुणीच चाखलेलं नाही." मी शेवटच्या नोंदीखाली लिहिलं : सर्वांनी चाखले.

ग्रंथ आता छापायला जाईल. पहिली प्रत हैफाला अब्राहामभाऊंना पाठवायची, असं आमचं ठरलंय. काम संपलं की येते, हा ताईंचा शब्द होता.

ओव्याचा डबा मात्र कुणाला द्यायचा नाही. तो त्याच पायरीवर राहील. रविवारी येऊन पाणी मी घालते.