पियानोच्या पोटातला तांब्या

नगरच्या संगीत विद्यालयात यज्ञेश्वररावांचा हुद्दा काय, हे खुद्द त्यांनाही धड सांगता आलं नसतं. तंबोऱ्याची जवारी ते लावत, पेटीचे सूर ते बसवत, आणि छप्पर गळलं तरी हाक त्यांनाच. पण जीव होता तो एका उभ्या पियानोवर. मिशनमधलं एक गोरं जोडपं मायदेशी परतताना तो देऊन गेलं होतं. बायको गेल्यापासून यज्ञेश्वरराव माणसांपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलत.

त्र्याहत्तरचा उन्हाळा म्हणजे दुष्काळाचा कळस. लाकूड आकसलं, तारांच्या खुंट्या सैल पडल्या, पियानोचा सूर उतरू लागला. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "जूनमध्ये विद्यालय उघडेपर्यंत सुरात राहिला तर ठेवू. नाहीतर पुण्याचा व्यापारी न्यायला तयारच आहे." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. बेसूर पियानोवर मुली काय कपाळ शिकणार?

मुख्याध्यापिका लीनाबाईंनी मग एका ओळखीच्या अमेरिकन शिक्षकाकडून सूर तपासायचं विजेचं यंत्र मिळवलं. खोक्याला एक खिडकी, आत फिरती चकती. तार वाजवली की खिडकीत पट्टे दिसत. सूर उतरलेला असला तर ते डावीकडे पळत, चढलेला असला तर उजवीकडे, आणि नेमका लागला की जागच्या जागी थांबत. यज्ञेश्वररावांनी आधी नाक मुरडलं. "आमचे कान काय गहाण पडलेत?" पण थोड्याच दिवसांत देवापुढे बसावं तसे ते खिडकीपुढे बसू लागले. कानाला उशिरा कळणारी घसरण तिथे लगेच दिसायची.

दिसायचं ते मात्र वाईटच. दर सोमवारी ते सूर लावत आणि पुढच्या सोमवारी पट्टे पुन्हा डावीकडे पळत. उपाय त्यांना ठाऊक होता. एरवी उन्हाळ्यात ते पियानोच्या खालच्या फळीआड पाण्याचा तांब्या भरून ठेवत. आत जरा ओल राहिली की लाकूड तग धरतं. पण यंदा विद्यालयाच्या वसतिगृहात सुट्टीतही मुली होत्या, आणि दारात टँकरपुढे हंड्यांची रांग. पोरींच्या तोंडचं पाणी काढून लाकडाला कसं पाजायचं? तांब्या आत कोरडाच पडून होता.

आणि एका सोमवारी पट्टे जेमतेम सरकले. यंत्र बिघडलं असं समजून यज्ञेश्वररावांनी कायम एकच नेमका सूर देणारा स्वरकाटा वाजवून पाहिला. पट्टे ठाम उभे राहिले, म्हणजे यंत्र शाबूत होतं. त्यांनी वाकून खालची फळी काढली, तर तांब्या काठोकाठ भरलेला.

पुढे पियानो फारसा उतरलाच नाही. जूनमध्ये आप्पासाहेबांनी तो स्वतः बसून ऐकला, "यंत्राने लाज राखली" म्हणाले आणि व्यापाऱ्याला नकार कळवला. यज्ञेश्वररावांना आभाळ ठेंगणं झालं. पाणी मुलींनीच घातलं असं धरून त्यांनी वसतिगृहात जाऊन त्यांचे तोंडभरून आभार मानले, तर मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. आत तांब्या असतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

पावसाचा अजून पत्ता नव्हता, तेव्हा पाणी घालणारं माणूस येणारच. दुसऱ्या दिवशी दुपारी यज्ञेश्वरराव पियानोच्या वर्गात दाराआड बसून राहिले. आल्या त्या बनुबाई, वसतिगृहात पाणी भरणाऱ्या आणि वर्ग झाडणाऱ्या, श्रीगोंद्याकडच्या. पदराआड फुलपात्र.

"बनुबाई, हे पाणी कुणाचं?"

बनुबाई दचकल्या. "माज्या वाटनीचं हाय, पोरींचं न्हाई. दुपारचा च्या सोडलाय म्या."

"अहो, पण तुम्हाला पियानोचं एवढं काय?"

"मला काय कळतंय त्यातलं? पर दर सोमवारी तुमी त्या खिडकीत बघून तोंड पाडून बसायचा. ते बघवत नव्हतं. मागं तुमीच ह्यात पानी भरायचा, ते म्या झाडताना बघितलं हुतं."

बायकोमागे आपल्या तोंडाकडे कुणी बघत असेल, असं यज्ञेश्वररावांच्या मनातही कधी आलं नव्हतं. आप्पासाहेब, लीनाबाई, तो अमेरिकन, सगळ्यांचे आभार मानून झाले होते, आणि ज्यांचे मानायचे त्या रोज दुपारी अशा गुपचूप येऊन जात होत्या. त्यांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

बनुबाईंना ते फार अवघड झालं. "सरा बाजूला," त्या म्हणाल्या, "पानी वतू द्या."