पट्टीवरची काजळरेघ

“कोन म्हनलं?”

डोकमर्डीच्या बालवाडीतल्या बाईंशी कोणत्याही विषयावर बोला, त्यांचा पहिला प्रश्न हाच. पाणी उकळून प्या म्हटलं, तरी “कोन म्हनलं?” उद्या सुट्टी आहे म्हटलं, तरी तेच. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण त्यांना अडाणी ठरवून मोकळे होतो. मीही ठरवलं होतं.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. विज्ञानाची पदवी आणि डोळे तपासण्याचं प्रशिक्षण घेऊन मी सिल्वासातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते. बाई शिरपूरकडच्या, नवरा राखोलीला धाग्याच्या कारखान्यात. त्यांच्या बालवाडीत मी तपासणीचा तक्ता टांगला. त्यावर इंग्रजी ‘ई’ चार दिशांना वळवलेला असतो. त्याचं तोंड जिकडे, तिकडे मुलांनी बोट करायचं. पाच वर्षांच्या एका मुलीने उजव्या डोळ्याने शेवटची ओळसुद्धा अचूक दाखवली. डाव्याने तिला पहिलीही दिसेना.

“पोरगी सुई ओवते, ताई. आन् तुमी म्हनता दिसत नाही?”

“एका डोळ्याने ओवते, बाई. दुसरा आळशी झालाय. मेंदूने त्याचं ऐकणं सोडलंय. सात-आठ वर्षांच्या आत तो कामाला लागला तर लागला. नंतर फार अवघड.”

मी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी बांधायला सांगितलं.

“चांगला बांधायचा आन् बिघडलेला उघडा ठेवायचा? कोन म्हनलं?”

“शास्त्र म्हणतं.”

“ते कुठं राहतं?”

मुलीचे आईबाप दोघेही कारखान्यात, पाळ्या बदलत्या. त्यामुळे पट्टीचं काम बाईंकडे आलं. माझी पाठ वळताच त्या ती सोडणार, याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून दोनदा न कळवता गेले. दोन्ही वेळा पट्टी जागेवर. वर काजळाची एक बारीक रेघ, अर्धी पट्टीवर, अर्धी गालावर.

“हे काय? दृष्ट लागू नये म्हणून?”

“दृष्ट कसली! लबाड हे ती. पट्टी सरकवून पाहते. रेघ मोडली का माले समजतं.”

माझ्या कोणत्याही पुस्तकात ही युक्ती नव्हती. ती मी वहीत उतरवून घेतली; बाईंना मात्र तसं कळू दिलं नाही.

तीन महिन्यांत मुलगी डाव्या डोळ्याने धडाधड पाचव्या ओळीपर्यंत आली. मी हरखले. पट्टी एक तासावर आणली आणि मुंबईतल्या एका परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला. दोन महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा पाचवी ओळ कायम होती. बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या.

“माझा नाही भरोसा.”

“माझ्यावर?”

“तुमच्या तक्त्यावर.”

“तक्ता खोटं बोलत नाही, बाई.”

“तक्ता नाही बोलत. पोरगी बोलते. दुपारी भिताडाकडे तोंड करून बोटं नाचवते. वर, खाली, इकडे, तिकडे. तुमच्या तक्त्यासारखी.”

त्यांनी पाचव्या ओळीच्या मापाचं एक अक्षर कागदातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. मुलीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होतीच. तक्ता काढून बाई त्याच्या जागी पुठ्ठा धरून उभ्या राहिल्या.

“सांग व बेटा.”

बाईंनी पुठ्ठा जराही फिरवला नाही. मुलीचं बोट मात्र वर, खाली, डावीकडे, पुन्हा वर, असं ऐटीत फिरत राहिलं. वर्गातल्या पोरांची तपासणी पाहून पाहून तिने तक्ता तोंडपाठ केला होता.

मी बाकावर बसले. “म्हणजे पट्टी कमी करून मी तिचे दोन महिने घालवले.”

“कोनी कमी केली?”

“मीच नाही का? एक तास सांगितला होता.”

“माले नव्हतं पटलं. मी सहाच तास बांधत होते.”

सूचना मोडल्याबद्दल बोलायचं सोडून मी कात्री मागितली. सुट्या अक्षरांवर तपासलं, तर डावा डोळा तिसऱ्या ओळीवर निघाला. खराखुरा. निबंध मी पाठवला नाही.

पुढे दीड वर्षाने, दर वेळी वेगळ्या क्रमाने दाखवलेल्या सुट्या अक्षरांवर, मुलगी पाचव्या ओळीला पोचली. त्याच सुमारास बाईंच्या नवऱ्याला सुरतेला काम मिळालं. तिकडे गेल्यावर बाई मला कधी दिसल्या नाहीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. माझे कागद पाहायला त्यांनी नकार दिला. मुलीला पायरीवर उभं केलं, चष्म्याआड हात घालून तिचा उजवा डोळा तळव्याने घट्ट झाकला आणि रस्त्याकडे हनुवटी उडवली.

“ती मोटार कुठं चालली?”

मुलगी आता गुजराती शाळेत पहिलीला होती. तिने बसवरच्या पाटीकडे मान पुढे काढली. “खानवेल.”

बाईंना गुजराती अक्षरं सावकाश लागत. तोवर बस निघून गेली होती. त्या माझ्याकडे वळल्या. “खरं का, ताई?”

मी पाटी वाचलीच नव्हती. मी बाईंकडे पाहत होते.

“खरं,” मी म्हटलं.

त्यांनी मला क्षणभर न्याहाळलं. मग तळवा तसूभरही न हलवता त्या पुढच्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या.