मासा तयार होण्याआधी

ठकी जन्मालाच नऊ दिवस उशिरा आली आणि त्यानंतरही तिने कशाचीच घाई केली नाही. चालायला लागली ती दीड वर्षाची झाल्यावर. तोवर तिच्या आईने दोन डॉक्टर बदलले होते. आता ती एकोणतीस वर्षांची होती, बोट लावलं की हलणारी चित्रं बनवायची, आणि सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नोकरीचा तिचा शेवटचा आठवडा चालू होता.

तिने बनवलेला मासा दातांच्या दवाखान्यात होता, मुलांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या पडद्यावर. मुलांनी बोट फिरवलं की मासा बोटामागे यायचा. निदान यायला हवा होता. रोज सकाळी पडदा नुसता निळा दिसायचा. बंद करून परत चालू केला की मासा दिवसभर मुकाट्याने पोहायचा.

"शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही, तर काढून न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मासा गेला तर तुमचंही कठीण आहे," ठकीच्या साहेबांनी त्यात भर घातली.

ऑफिसात मासा कधीच अडला नाही. दुखणं काय असावं, ते मात्र ठकीला कळलं होतं. बोट लागलं की प्रोग्राम माशाला विचारतो, तू कुठे आहेस? मासा अजून तयारच झाला नसेल, तर उत्तर देणार कोण? प्रोग्राम तिथेच मान टाकतो. म्हणून तिने पहिले तीन सेकंद बोटाकडे लक्षच द्यायचं नाही, असं प्रोग्रामला बजावलं.

"तीनच का?" साहेबांनी विचारलं.

"पुरतील असं वाटलं."

पुरले नाहीत. आणि मुलं यायच्या आधी बोट लावत कोण होतं, तेही कळेना.

"अगं, मग सकाळी जाऊन बघ ना," आई म्हणाली. "डबा देते. पोचलीस की फोन कर. निघालीस की कर. मध्ये काही झालं तर लगेच कर."

गुरुवारी दवाखाना उघडायच्या आधीच ठकी मुलांच्या एवढ्याशा खुर्चीवर जाऊन बसली. साफसफाईच्या मावशी आल्या. त्यांनी बटण दाबलं, फडका पिळला आणि पडदा वरपासून खालपर्यंत पुसून काढला. मग कोपरे. पडदा निळाच.

"बघ, आजही मेला," मावशी म्हणाल्या.

"मेला नाही, मावशी. अजून जन्मलाच नव्हता."

"मग मी काय करू? पडदा उजळल्याशिवाय मला डाग दिसत नाहीत."

ठकीने वेळ मोजली. रात्रभर बंद असलेल्या त्या मशीनला चित्रं उचलून मासा तयार करायला अकरा सेकंद लागत होते. ऑफिसातलं मशीन कधी बंदच नसायचं. तिथे मासा डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर.

"सोपं आहे," साहेब फोनवर म्हणाले. "मावशींना उशिरा पुसायला सांगा."

"किती उशिरा?"

"असं बघा... पुरेल एवढं."

ठकीने फोन ठेवला आणि तीन सेकंदांची अट काढून टाकली. पूर्ण तयार झाल्यावर माशाने स्वतःच तसं कळवायचं. तोवर बोट कुणाचंही असो, ऐकायचंच नाही. दोन ओळींचं काम होतं. त्या कुठे घालायच्या हे ठरवायला तिला संध्याकाळ झाली.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मावशींनी बटण दाबलं आणि आज बघणारे आहेत म्हणून पडदा दोनदा पुसला. निळा. सहा सेकंद. नऊ. आईचा फोन आला. ठकीने तो बंद केला. अकराव्या सेकंदाला मासा आला आणि फडक्यामागोमाग थेट कोपऱ्यात गेला.

"आगाऊ आहे मेला," मावशी म्हणाल्या.

"राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी ठकीने बेल वाजवायच्या आतच आईने दार उघडलं. "राहिली का नोकरी? फोन का उचलला नाहीस? साहेब काय म्हणाले? रडलीस का?"

"आई, मला आत तर येऊ दे."

आई बाजूला झाली. ठकीने एक चप्पल काढली. आईने पदराचं टोक मुठीत धरलं आणि चपलेकडे बघत थांबली. दुसऱ्या चपलेचा पट्टा अडकला होता, तो सुटायला वेळ लागला. मग ठकीने पिशवीतून कायम नोकरीचं पत्र काढून आईच्या हातात दिलं.