दुल्हन नावाची घोडी

श्रावणात कस्तुरी गेली आणि माझी पूजा सुटली. आम्ही लिंगायत. रोज आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि घटकाभर त्याच्याकडे बघत बसायचं, हे मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून करत आले. लग्न होऊन लातूरला आले, तर सासरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाकही होता. म्हाळसा आपल्यातलीच, वाण्याची लेक, असं सासूबाई माहेरचं माणूस असल्यासारखं सांगायच्या. इष्टलिंग आणि खंडोबा, या दोघांच्या भरवशावर माझे दिवस चालले होते. कस्तुरी गेल्यावर मात्र सकाळी आसनावर बसले की मन म्हणायचं, कशाला? मग मी तशीच उठायची आणि चहाचं आधण ठेवायची. घरात कुणी काही बोललं नाही. तेही मला बरं वाटलं नाही.

कस्तुरी ही घोडी होती. घोडीसाठी देवावर कुणी रुसतं का, असं वाटेल, म्हणून आधी माझ्या लेकीबद्दल सांगते. ईश्वरी जन्मली तेव्हा रडली नाही. पुढे डॉक्टरांनी त्याला सेरेब्रल पाल्सी हे नाव दिलं. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, मान आणि पाठ धरत नव्हती, शब्द फुटत नाहीत. समजतं मात्र सगळं. आमचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानात कुणाच्या हातून ताट पडलं की ती दचकते, अंग लाकडासारखं ताठ होतं, मुठी आवळतात. मग तिचे बाबा त्या ताटाला खोटं खोटं रागावतात आणि ती डोळ्यांनी हसते.

लातूरच्या बाहेर, शेतांच्या मधोमध, सुनीताताईंनी घोड्यावरच्या उपचाराचं केंद्र काढलं होतं. त्या फिजिओथेरपिस्ट. सासरची जमीन, त्यावर पत्र्याची पागा, वाळू टाकलेलं एक रिंगण आणि लिंबाच्या सावलीत आम्हा आयांसाठी सतरंजी. घोड्याच्या पाठीवर खोगीर नाही, फक्त जाड घोंगडी. त्यावर मूल बसवायचं, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरायचं आणि पागा सांभाळणाऱ्या माधवरावांनी लगाम धरून घोडं हळूहळू चालवायचं. ताईंनी मला पहिल्या दिवशी समजावलं होतं, "घोडं चालतं तेव्हा त्याची पाठ आपल्या कमरेसारखी हलते. जी मुलं कधी चालली नाहीत त्यांच्या शरीराला चालणं म्हणजे काय ते तिथं कळतं. पाठीचा कणा आपोआप तोल शोधू लागतो." मला त्यातलं फारसं कळलं नव्हतं. पण कस्तुरीच्या उबेनं ईश्वरीच्या मांड्या सैल पडायच्या, हे मी माझ्या हातांनी अनुभवत होते. वर्षभरात ती मान सावरू लागली. उशीला टेकून का होईना, पंगतीत आमच्यासोबत बसू लागली. तिथं येणारी सगळीच मुलं कस्तुरीची होती. एक दृष्टी नसलेला मुलगा तिला नुसत्या श्वासावरून ओळखायचा. एक मोठी मुलगी घरी कुणाशी बोलायची नाही, पण तिला खरारा करताना तोंड बंद ठेवायची नाही.

आणि मग एका पावसाळी दिवशी कस्तुरीच्या पोटात शूळ उठला. डॉक्टर आले, औषध झालं, माधवरावांनी तिला रिंगणात फिरवत ठेवलं. संध्याकाळपर्यंत ती गेली. केंद्रात दुसरा घोडा होता, पण तो तरणा आणि बुजरा. मोटारसायकलचा आवाज आला तरी उधळायचा. त्याच्यावर मुलं बसवणं शक्यच नव्हतं. आमचं तिथं जाणं थांबलं. मी घरी व्यायाम करून घ्यायची, पण दसऱ्यापर्यंत ईश्वरीची पाठ पुन्हा वाकू लागली. ती एका कुशीला कलायची, जेवताना ठसकायची. दिवाळीच्या आधी तिच्या छातीत कफ भरला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथले डॉक्टर चांगले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ती अशी वाकत राहिली तर फुप्फुसांना जागाच उरणार नाही. पाठ सरळ राहिली पाहिजे." नाकाला नळी लावलेली माझी लेक माझ्याकडे बघत होती. ज्यानं एक दार उघडलं त्यानंच ते तोंडावर लावावं, हे मला सहन होत नव्हतं.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते. आमच्या भागात घोडं घ्यायचं तर लोक खंडोबाच्या त्या यात्रेलाच जातात. ईश्वरी घरी येऊन बरी झाली होती. सुनीताताई म्हणाल्या, "तुम्ही तिला घेऊन चला. मूल जवळ असताना घोडं कसं वागतं, ते मला बघायचंय." मी नाही म्हणणार होते. पण माधवराव मध्येच बोलले, "चला की ताई. माझी बहीण लोह्याला हाय. मुक्काम तिच्याकडं करू. लेकराला जत्रा तरी दिसंल." ईश्वरीच्या बाबांनी गाडी ठरवून दिली. निघताना सासूबाईंनी भंडाऱ्याची पुडी माझ्या हातात दिली. मी ती पर्समध्ये टाकली आणि ठरवलं, घोडा बघायचा, दर्शनाला जायचं नाही.

माळावर जिकडे बघावं तिकडे घोडे होते. पांढरेशुभ्र, उंच, पायात घुंगरं बांधलेले. हलगी वाजली की मागच्या पायांवर उभे राहत, आणि लोक शिट्ट्या मारत. ईश्वरी माझ्या कडेवर मान उचलून बघायला धडपडत होती. दिवसभर आम्ही फिरलो. माधवराव एकेका घोड्याचे दात बघत, पाठ बघत, आणि मान हलवत. "ताई, समदे नाचरे हायत. लेकरू घिऊन नाचलं तर काय करावं?" दोन ठिकाणी ईश्वरीला जवळ नेलं, तर घोडे कान मागे पाडून सरकले. माझे हात भरून आले होते, आणि मनात कडवटपणा.

उन्हं उतरत असताना अगदी शेजारी एकदम हलगी कडाडली. ईश्वरी दचकली. तिचं अंग ताठ झालं, मान मागे गेली आणि ती किंचाळू लागली. आसपासचे घोडे बिथरले. "लेकरू बाजूला न्या हो!" असं कुणीतरी ओरडलं. मी तिला छातीशी आवळून गर्दीतून वाट काढली आणि माळाच्या कडेला एका बाभळीखाली मटकन बसले. तिथं एक घोडी बांधलेली होती, हे मी बसल्यावर पाहिलं. मळकट पांढरी, बुटकी, रुंद पाठीची, वय झालेली. मी उठून दूर जाणार, इतक्यात तिनं मान खाली घातली आणि ईश्वरीचा चेहरा हुंगला. ईश्वरीचा हात वर उडाला आणि तिच्या मुठीत घोडीच्या कपाळावरची आयाळ अडकली.

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना माहीत आहे, ती मूठ एकदा आवळली की सोडवता येत नाही. जितकं सोडवावं तितकी ती घट्ट होते. केस ताणले गेले होते. घोडीनं एक झटका दिला असता तर लेकीचा खांदा निखळला असता. मी घाबरून तिची बोटं उलगडू लागले, तेव्हा मागून एक म्हातारा आवाज आला, "ठहरो माय. खेचू नको. बच्ची सोडेल तिच्या मर्जीनं. दुल्हन कुठं जात न्हाई."

आणि ती खरंच गेली नाही. मान खाली घालून, केस ओढले जात असताना, ती तशीच उभी राहिली. हलगी वाजतच होती. माणसं जात-येत होती. तिनं शेपटीसुद्धा हलवली नाही. तिचा गरम श्वास आमच्या दोघींच्या तोंडावर येत होता. हळूहळू ईश्वरीचं किंचाळणं थांबलं, मग हुंदके थांबले, मग तिची बोटं एकेक करून आपोआप सैल झाली. मूठ उघडली, तरी घोडीनं मान वर घेतली नाही.

म्हाताऱ्यांचं नाव इस्माईलचाचा. देगलूरकडचे. दुल्हन ही वरातीची घोडी, म्हणून तिचं नाव दुल्हन. सगळं आयुष्य तिनं बँड, फटाके आणि नाचणारी माणसं यांच्यामध्ये नवरदेव पाठीवर घेऊन उभं राहण्यात घालवलं होतं. सुनीताताई आणि माधवराव आम्हाला शोधत आले, आणि तिला बघूनच माधवराव हळूच म्हणाले, "हीच की, ताई." पण चाचा तिला विकायला आले नव्हते. त्यांचे गुडघे गेले होते, वराती बंद झाल्या होत्या, तरी सवयीनं यात्रेला आले होते. तिला नाचायला शिकवू म्हणणाऱ्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी सकाळीच परत पाठवलं होतं. सुनीताताईंनी त्यांना केंद्राचं काम सांगितलं, कुठं आहे ते सांगितलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिथं बँड?" त्यांनी विचारलं.

"नाही, चाचा. फक्त मुलं."

त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आज न्हाई सांगत. सुबह या."

सकाळी आम्ही गेलो, तर बाभळीखाली कुणी नव्हतं. थोडा कडबा सांडलेला होता. शेजारचे म्हणाले, देगलूरकडं जाणारा टेम्पो पहाटेच निघाला, त्यात गेले. फोन नंबर कुणाकडंच नव्हता. सुनीताताई दूर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, मी आता चिडेन, रडेन. तसं काही झालं नाही. आत काहीतरी पार थकून खाली बसलं होतं. ईश्वरी कडेवर होती. मी चालू लागले आणि पाय देवळाकडे वळले.

दर्शनाच्या रांगेत मी उभी राहिले. येळकोटाचा गजर चालला होता, भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालं होतं. समोर आले तेव्हा मागायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं मी याद्याच वाचत आले होते. मान धरू दे, बोलू दे, चालू दे. त्या दिवशी ईश्वरीच्या कपाळाला भंडारा लावला आणि मनात एवढंच आलं, ही तुझी आहे, तशीच माझीही आहे. मी हिला रोज उचलीन. बाकीचं तुझं तू बघ. बाहेर येऊन पायरीवर बसले. तळहातावर लिंग घेतलं आणि कितीतरी महिन्यांनी घटकाभर त्याच्याकडे बघत राहिले. बेल नव्हता, पाणी नव्हतं. ईश्वरी माझ्या मांडीवर झोपून गेली.

आम्ही रिकाम्या हातांनी लातूरला परतलो. काही दिवस गेले. एक दिवस मी तिला भरवत होते, आणि सुनीताताईंचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. "तुम्ही या. आत्ता या."

पागेपुढे टेम्पो उभा होता आणि इस्माईलचाचा दुल्हनला फळीवरून खाली उतरवत होते. माझ्याकडे बघून त्यांनी अपराध्यासारखी मान हलवली. "माफ कर माय. घरवालीला न विचारता कसा देऊ? हिची माँ मेली, तेव्हा तिनंच हिला बाटलीनं दूध पाजलेलं. टेम्पो निघून राहिला होता, तुम्हाला धुंडायला टाइम न्हाई मिळाला." मग दुल्हनच्या मानेवर थाप मारून म्हणाले, "ती बोलली, शादी तो बहोत कराई, आता लेकरं सांभाळू दे." व्यवहाराचं त्यांनी आणि ताईंनी आपसात पाहिलं. निघताना चाचा घोडीच्या कानात काहीतरी बोलले आणि मागे न बघता टेम्पोत चढले. आता ते महिन्या-दोन महिन्यांनी चाचींना घेऊन येतात. चाची सतरंजीवर आमच्यासोबत बसतात आणि प्रत्येक मुलाचं नाव विचारून दुवा देतात.

कुणी म्हणेल, यात चमत्कार कसला? वरातीची घोडी शांत असणारच, आणि भला माणूस माघारी येणारच. मी वाद घालत नाही. त्या माळावरच्या असंख्य घोड्यांमधून दचकलेल्या लेकीला घेऊन मी नेमकी कुठं बसले, एवढंच मला ठाऊक आहे. आज ईश्वरी चालत नाही, बोलत नाही. पण तिची पाठ सरळ होते आहे. हिवाळा गेला आणि छाती भरली नाही. परवा पंगतीत ती उशीशिवाय बसली, तर सासूबाई वाढायचं विसरून तिच्याकडे बघत राहिल्या.

रिंगणात मी ईश्वरीच्या डाव्या बाजूनं चालते, तिच्या मांडीवर हात ठेवून. गेल्या आठवड्यात चालता चालता पलीकडून सुनीताताई हळू आवाजात म्हणाल्या, "हात काढा."

"पडेल हो."

"मी आहे ना या बाजूला. काढून तर बघा."

मला ते जमेना. जन्मल्यापासून त्या हाताला दुसरं कामच नव्हतं. दुल्हन संथ पावलं टाकत होती, माधवराव पुढे बघून चालत होते, लिंबाखाली चाची ओठातल्या ओठात काही म्हणत होत्या. मी हात उचलला. आधी बोटभर, मग वीतभर. ईश्वरी थोडी डुलली, आणि मग तिच्या पाठीनं स्वतःच तोल सावरला. मान वर करून ती समोर बघत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी तशीच तिच्या शेजारून चालत राहिले. हात मोकळा होता. काय करावं ते सुचेना, म्हणून तो दुसऱ्या हाताशी जोडला.