छपराच्या पुलावरचं वजन

जेद्दाच्या आमच्या साइटवर पायी जायच्या पुलाचं काम चाललं होतं, त्यावर सावलीसाठी छप्पर. मी नाशिकचा, स्ट्रक्चरचा माणूस. जास्तीचं वजन दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. छप्पर हलकं करा, अजून हलकं करा, हा माझा रोजचा धोशा. समोरच्या टेबलावरचा चिनी इंजिनियर एकदा हसून म्हणाला, "आमच्या गावचा पूल छपराच्या वजनावरच उभा आहे."

"काहीतरीच फेकू नकोस!" मी म्हटलं.

त्याने फोटो दाखवला. डोंगरातली नदी, मधे एकही खांब नाही, काठापासून काठापर्यंत लाकडी कमान. बाज विणावी तसे ओंडके एकमेकांत गुंतवलेले, खिळा एकही नाही. त्यावर चक्क कौलारू घर! दोन्ही बाजूंना बसायला बाकं, मधोमध छोटं देऊळ. पूल शेकडो वर्षांचा. लाकूड कुजलं की बदलायचं, रचना तीच ठेवायची. आतल्या तुळईवर सुतारांची नावं शाईने लिहायची रीत, आणि शेवटच्या दुरुस्तीच्या नावांत याच्या वडिलांचंही नाव. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई मात्र रोज त्या देवळात उदबत्ती लावायची आणि मग बाकावर शेजारणींशी गप्पा हाणत बसायची. छपराने लाकूड पावसापासून वाचतं, हे माझ्याही लक्षात आलं होतं. पण त्याच्या भाराने ओंडके एकमेकांत आणखी घट्ट बसतात हे ऐकून मी चाटच पडलो.

पुढच्याच महिन्यात, आमची सकाळची कॉफी चालू असताना, त्याच्या चुलतभावाचा गावाहून व्हिडिओ कॉल आला. नदीला पूर. गढूळ पाणी कमानीला टेकलेलं.

माझ्या तोंडून निघालंच, "अरे, कौलं उतरवा आधी! ओझं कमी करा!"

"वेडा आहेस का? पाणी खालून उचलतंय. वजन चढवायचं!" तो माझ्यावर खेकसला.

गावाची ती जुनीच रीत. माणसं धावत पुलावर दगड नेत होती, पाण्याने भरलेले रांजण ठेवून परत पळत होती. हा जेद्दात उभा राहून फोनमध्ये ओरडत होता, आणखी आणा, मधोमध ठेवा. आणि एकदम त्याने फोन डोळ्यांजवळ ओढला. पुलावरून सगळे उतरले होते, फक्त त्याची आई बाकावर बसून होती.

मला चिनी भाषा ओ की ठो कळत नाही. तो ओरडला, मग हात जोडायला लागला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "उतरत नाही. म्हणते, माझंही वजन आहे ना!"

अरे देवा! "उचलून आणायला सांग! पूल गेला खड्ड्यात!" मी ओरडलो.

त्यानेही तेच सांगितलं असावं. चुलतभावाने फोन दुसऱ्याच्या हातात कोंबला, धावत गेला आणि तिला पाठीवर घेऊन आला. ती त्याच्या पाठीत गुद्दे घालत होती. ते काठावर पोचतात न पोचतात तोच वरून एक मोठं झाड वाहत आलं आणि कमानीला धडकलं. पूल कौलांसकट उचलला गेला, जरासा वळला आणि नाहीसा झाला.

"खलास," तो म्हणाला. इथे सगळेच उठताबसता वापरतात तो अरबी शब्द. मग खुर्चीत बसून तो हमसाहमशी रडायला लागला.

"आई वाचली ना? बस झालं," मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं.

तेवढ्यात आई फोनवर आली. चिंब भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले. ती दोनच वाक्यं बोलली आणि बाजूला झाली. त्याने फोन टेबलावर पालथा घातला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मी बसले होते तोवर उभा होता. तू मला उतरवलंस आणि तुझ्या बापाचा पूल गेला."