गोदाकाठची सायकलवाट आणि एक चित्रबलाक

नवीन जालन्यातून निघालो तेव्हा शैलेश फार खुशीत होता. शैलेश माझा नवरा. आठवडाभर बँकेत असतो आणि रविवारी सायकलवर. मराठवाड्यातल्या सायकलवाटांचे व्हिडिओ करून तो टाकतो आणि ते बघणारे पुष्कळ आहेत. या खेपेला शहागडपासून गोदावरीच्या काठाकाठाने कुंभार पिंपळगावच्या बाजूला जायचं, वाटेतलं बाभळीचं बन आणि त्याला लागून असलेली पाणथळ दाखवायची, असं ठरलं होतं. "आपल्याकडे बघायला काय आहे, असं विचारणाऱ्यांची तोंडं बंद करू," तो म्हणाला. मलाही ते पटलं होतं. सायकली टेम्पोत टाकल्या आणि सकाळी शहागडला उतरलो.

हायवेच्या कडेला ट्रकांची रांग होती. एका हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता) खाल्ली. हॉटेलवाल्याने सायकलींकडे बघत विचारलं, "कुठं जाऊन राह्यले, ताई?"

"नदीच्या काठानं. पक्षी बघायला."

"चिखल हाय तिकडं नुसता. पाखरं तर हितंबी हायेत की!" त्याने वळचणीच्या चिमण्यांकडे हात केला आणि माझ्या बशीत आणखी मूठभर शेंगदाणे टाकले.

डांबरी रस्ता सुटला की पाणंद (शेतांमधली गाडीवाट) लागते. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच केळी, आणि एका वळणावर एकदम बाभळीचं बन. आत सावली गार होती, पण वाटेवर काट्यांचा खच होता. माझं पुढचं चाक तिथेच बसलं. मी पंक्चर काढत होते तेव्हा शैलेश माझे चिखलाचे हात कॅमेऱ्यात टिपत होता. "थोडी दमल्यासारखी दिस," म्हणाला. दमले होतेच.

बन संपलं आणि पाणी दिसलं. ते दृश्य खरोखर सुंदर होतं, हे रागातसुद्धा मान्य करते. नदी आत सरकली होती. तिने सोडलेल्या ओल्या गाळात हरभऱ्याची गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) हिरवीगार उभी होती आणि तिच्यापुढच्या उथळ पाण्यात चित्रबलाक चरत होते. उंच पाय, पिवळी लांब चोच, पंखांच्या टोकाशी गुलाबी रंग.

त्यातला एक हलत नव्हता. मी जवळ गेले तेव्हा कळलं, त्याचे दोन्ही पाय नायलॉनच्या बारीक जाळ्यात अडकले होते. बाकी धडधाकट होता. मान वळवून माझ्याकडे बघत होता.

"शैलेश, चाकू दे," मी ओरडले. चाकू त्याच्या पिशवीत होता.

"एक मिनिट. वरून घेऊ दे आधी."

"आधी चाकू!"

"अगं, असं पुन्हा मिळणार नाही."

त्याने ड्रोन सोडलं. ते घोंघावत पाण्यावर आलं आणि बाकीचा थवा एकदम उडाला. अडकलेल्यानेही उडायची धडपड केली. पाय जाळ्यात, अंग हवेत, पुन्हा पाण्यात, पुन्हा हवेत. ड्रोन खाली आलं तशी त्याने सगळी ताकद लावली आणि काडी मोडावी तसा आवाज झाला. उजवा पंख पाण्यावर पसरून पडला.

गाळपेरीतून एक म्हातारे शेतकरी विळा घेऊन धावत आले. त्यांचं नाव उद्धवराव. पहिल्यांदा ते शैलेशवर गरजले, "ते यंत्र खाली घ्या जल्दी! पाखराचा जीव घेता का?" मग माझ्याबरोबर गुडघाभर चिखलात उतरले आणि विळ्याने जाळं कापलं.

"कुणाचं आहे हे जाळं?" मी विचारलं.

"आमच्याच भावकीतल्याचं. मासे संपले की तसंच टाकून जात्यात." त्यांनी नजर चुकवली. "मी सांगितलं न्हाई त्याला कधी. आपलंच माणूस, कोण बोलावं, म्हणून गप बसलो."

कुंभार पिंपळगावात जनावरांचे डॉक्टर भेटतील, असं ते म्हणाले. मी पक्षी ओढणीत गुंडाळून त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसले. शैलेशने तेही टिपलं. वाट खडबडीत होती. पक्ष्याचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं जोरात उडत होतं की मी त्याच्याशी बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. गावाची पहिली घरं दिसली आणि ती चोच माझ्या मांडीवरून खाली घसरली.

उद्धवरावांनी गाडी थांबवली. "गेलं का, ताई?"

मी ओढणी बाजूला करून दाखवली. त्यांनी गाडी बंद केली.

परतताना टेम्पोत मी शैलेशला सांगितलं, पक्षी वाटेतच गेला. व्हिडिओ मी दोन दिवसांनी कामावर पाहिला; मैत्रिणीने कौतुकाने दाखवला. वरून घेतलेलं पाणी, फडफडणारे पंख, मग मोटरसायकलवर पाठमोरी मी, आणि शेवटी अक्षरं: 'एक जीव वाचवला.' खाली लोकांनी हात जोडले होते. "किती गं भाग्याची तू!" मैत्रीण म्हणाली.

घरी येऊन मी शैलेशला म्हणाले, "तो मेला. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण लोकांना वाईट दाखवून काय उपयोग? उलट आता पन्नास जण तिकडे जायला तयार झालेत. पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन निघू. तू पुढे राहा, तुला बघायचंय त्यांना."

तो खोटं बोलतोय असं त्याला वाटतच नव्हतं. मला त्याची भीती वाटली ती तेव्हा.

मी गेले नाही. त्याऐवजी हे लिहिलं आणि आधी त्यालाच वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकलं आणि तो एवढंच म्हणाला, "माझं नाव तरी बदल."

बदललेलं नाही. तुम्ही त्या वाटेने जाणार असाल तर जरूर जा. बन सुंदर आहे, पाणीही. चाकू हाताशी ठेवा आणि ड्रोन घरी. आणि जो पक्षी वाचला म्हणून तुम्ही निघाला आहात, तो वाचलेला नाही.